यायला तीनशे, जायला पाच

आमच्या हिचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच राहिलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

प्रत्यक्षात ते कधीच मिटलं होतं. ती माझ्यासमोर टेबलाशी बसून व्यवस्थित बोलत होती, बोरू शाईत बुडवत होती, "हे बघा, वळण इथून सुरू होतं," असं सांगत होती. पण इंटरनेटवरून जे चित्र घराबाहेर पडलं, त्यात तिने 'आ' वासलेला होता आणि तो 'आ' तिचे अकराही विद्यार्थी आपापल्या घरी बसून बघत होते. सुलेखनाच्या ऑनलाइन वर्गाचा तो पहिलाच रविवार.

"मॅडम, तुम्ही थांबलात," विद्यार्थ्यांपैकी एक नर्सबाई म्हणाल्या.

"मी कुठे थांबलेय? मी चालूच आहे!" ही म्हणाली. ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

"थांबल्यायत तोवर सांगून ठेवतो," दुसरे एक विद्यार्थी चष्मा सावरत पडद्याच्या जवळ आले. हे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर वेळ जात नाही म्हणून अक्षर सुधारायला आलेले. "मॅडम, खालची डावीकडची, शेवटून दुसरी दाढ कुणाला तरी दाखवून घ्या. दुर्लक्ष करू नका."

"कुठली हो?" नर्सबाई.

"ती काय, काळसर छटा आहे बघा."

मग सगळ्यांनीच ती छटा बघितली. त्यांचा शब्दन् शब्द आम्हाला लख्ख ऐकू येत होता. आमचा एकही शब्द तिकडे जात नव्हता. हिने लॅपटॉप मिटला आणि आरशासमोर जाऊन स्वतःची दाढ पाहिली. छटा होती.

इथे थोडं सांगायला हवं. ही शाळेत चित्रकला शिकवायची. यंदा शाळेने चित्रकलेचे तास गणित आणि संगणकाला वाटून दिले, आणि ही ब्रशांचा डबा घेऊन घरी आली. आठवडाभर घरातल्या घरात फेऱ्या मारल्यावर तिनेच हा वर्ग काढला. पहिला महिना नमुन्यादाखल, पटलं तर पुढे वर्षभर, असा बोली करार. "महिन्याभरात जमलं तर जमलं," ती म्हणाली होती, "नाहीतर मी समजेन की शाळेचंच बरोबर होतं." हे वाक्य ती सहज बोलली, पण बायको असं सहज बोलते तेव्हा नवऱ्याने खुर्चीत सरळ बसावं, एवढं मला संसारात कळलेलं आहे. मी सरळ बसलो आणि वर्गाचा तांत्रिक विभाग माझ्याकडे घेतला. विभागात मी एकटाच होतो, म्हणून प्रमुखही मीच.

तांत्रिक विभागप्रमुखाने दाढेच्या प्रकरणावर ताबडतोब निदान केलं: स्पीड कमी पडतोय. मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, तुमचा शंभरचा प्लॅन आहे. मी तुम्हाला तीनशेचा देते."

"तीनशे म्हणजे नक्की किती?"

"शंभरच्या तिप्पट, सर."

हे गणित मला मनातल्या मनात पडताळता आलं, त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला. मी हो म्हटलं. माणूस फसतो तो न कळणाऱ्या गोष्टींमुळे नव्हे. त्यातली एखादी कळली की फसतो.

पुढच्या रविवारी तीनशेचा परिणाम दिसला. डॉक्टरांचं चित्र इतकं स्वच्छ आलं की त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कोळिष्टक दिसलं, आणि थोडं डोळे बारीक केल्यावर कोळीही. पण कोळ्याला आम्ही दिसत नव्हतो. टेबलावर लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात हिचा हात कागदाच्या एका टोकाला खिळून राहायचा आणि मग अचानक अख्खं अक्षर तयार होऊन उमटायचं. आधी अक्षर, मागून हात.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "हा जादूचा वर्ग असता तर मी वर्षभराचं नाव आजच घातलं असतं."

ही हसली. ते हसू तिकडे कधी पोचलं कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून घरात एक वाईट सवय मात्र लागली. आपलं बोलणं बाहेर धड जातच नाही म्हटल्यावर मी वर्ग चालू असताना मागच्या सोफ्यावर बसून शेरे मारायला लागलो. "नर्सबाईंच्या 'ल'ला सलाईन लाव गं, गळून गेलाय." हीदेखील मान न वळवता "गप्प बसा हो" म्हणायची. आमचं दोघांचं इतकं मोकळं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आता शेजार. इमारतीत इंटरनेट बिघडलं की बातमीला तार लागत नाही. शेजारच्या वहिनी वाटी परत करायला आल्या आणि राउटरकडे बघून म्हणाल्या, "भावोजी, हा जमिनीपाशी का ठेवलाय? आमचा फ्रीजवर ठेवला तेव्हापासून पळतोय."

मी फ्रीजवर ठेवला. मग कुणी म्हणालं, फ्रीजच्या मोटरचा त्रास होतो. कपाटावर ठेवला. कपाट लोखंडी आहे, लोखंड लहरी गिळतं. खिडकीत ठेवला. खिडकीत कबूतर येतं. शेवटी तो स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर स्थिरावला, आणि एका सकाळी हिने घाईत डबा ओढला तेव्हा पिठात पडला. मी त्याला टूथब्रशने साफ केलं. पिठातून काढलेल्या राउटरचे दिवे अगदी पूर्वीइतकेच हिरवे लागले, आणि हिचा हात अगदी पूर्वीइतकाच अडकला.

वरच्या मजल्यावर पूलवाले काका राहतात. त्यांनी नोकरीभर पूल बांधले, आता बसल्या जागेवरून सल्ले बांधतात. ते स्वतः खाली उतरले, माझ्या मोबाइलवर स्पीड मोजायला लावला आणि वरचा मोठा आकडा अंगठ्याने झाकून म्हणाले, "हा सोड. खालचा वाच."

खाली बारीक अक्षरात 'अपलोड' आणि त्यापुढे पाच.

"वरचा आकडा डाउनलोडचा, म्हणजे तुझ्या घरात येणाऱ्याचा. खालचा घरातून जाणाऱ्याचा. कळलं? यायला तुला आठ पदरी पूल बांधून दिलाय, आणि जायला साकव. एक माणूस, तोही अंग चोरून."

"पण मी तीनशेचा घेतला ना!"

"यायचा वाढवलास. साकव आहे तिथेच." काकांना एवढा आनंद त्यांच्या एखाद्या पुलाच्या उद्घाटनालाही झाला नसेल. "आता मला सांग, या साकवावरून आणखी कोण कोण जातंय?"

"कुणी नाही. ही एकटीच."

काका गेले. मी विषय मिटला म्हणून पेपर उघडला. ही मात्र उठली आणि घरभर फिरायला लागली, आणि प्रत्येक यंत्रासमोर उभी राहून "हे काय पाठवतं?" असं विचारायला लागली. टीव्ही? काही नाही. मोबाइल? बंदच आहे. मग ती दार उघडून बाहेर गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला.

"अहो, आणि हा?"

हा म्हणजे चपलांच्या कपाटावरचा कॅमेरा. माझ्या नव्या जोडीतला फक्त डावा बूट चोरीला गेला, तेव्हा मी तो स्वतःच्या हाताने बसवला होता. उत्तम कॅमेरा आहे. चपलेवरची धूळसुद्धा दिसते.

"हा पाठवतो का काही?"

"म्हणजे... चित्र पाठवतो. सतत."

"कुठे?"

"क्लाउडमध्ये."

"म्हणजे ढगात?" ती दारात उभी राहिली. "माझा हात त्या नर्सबाईंपर्यंत जात नाही, आणि तुमच्या चपला चोवीस तास ढगात जातायत?"

मी स्टूल आणलं आणि कॅमेरा उतरवला.

त्याने फरक पडला, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या रविवारी अक्षर आणि हात जवळजवळ एकत्र निघाले. पण हिने जरा लांब फराटा ओढला की पुन्हा खोळंबा. साकव मोकळा झाला होता, पण शेवटी साकवच तो. वर्ग संपताना नर्सबाई जपून म्हणाल्या, "मॅडम, शिकवता तुम्ही छानच. पण पुढच्या वर्षीचं ना, जरा बघून ठरवू?" दोघातिघांनी माना हलवल्या. त्या माना अतिशय स्वच्छ दिसल्या. ही "हो हो, काही हरकत नाही" म्हणाली आणि बराच वेळ बोरू धूत बसली. धुऊन झालेला बोरू तिने पुन्हा धुतला.

मी तक्रार नोंदवली. कंपनीचा तंत्रज्ञ आला, उंच, कानात काहीतरी घातलेला. त्याने माझ्यासारखाच स्पीड मोजला आणि मोबाइल विजयाने माझ्या नाकासमोर धरला. "तीनशे येतंय की, साहेब!"

"खालचा बघा."

"खाली पाच आहे."

"तेच तर!"

"ते अपलोड आहे. ते कुणी बघत नाही." एवढं बोलून तो गेला. तो जिना उतरायच्या आत मला संदेश आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. मी पुन्हा तक्रार केली. उत्तर आलं: ही तक्रार पूर्वीच समाधानकारकरीत्या सोडवलेली असल्याने बंद करण्यात येत आहे. समाधान कुणाचं झालं होतं, त्याचा उल्लेख नव्हता.

म्हणून अर्धी रजा टाकून मी कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरपलीकडच्या साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घरगुती ग्राहक आहात ना तुम्ही?" ते म्हणाले. "घरगुती ग्राहक घेतो. सिनेमे घेतो, गाणी घेतो, मॅच घेतो. देत नाही. त्यावरच सगळा हिशेब बसवलेला असतो. तुमच्याकडे द्यायचं असं आहे तरी काय?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला लागला. भरल्या खोलीत, टोकन हातात धरून, या वयात कुणी विचारावं की तुमच्याकडे द्यायचं काय आहे!

"अक्षरं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"माझी बायको अक्षरं शिकवते. वळणदार. ती बाहेर जायला हवीत."

साहेबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाले, "एक समान वेगाचा प्लॅन आहे. जेवढं येतं तेवढंच जातं. पण त्याला नवी फायबरची तार लागते. तुमची जुनी आहे." मी आनंदाने अर्ज भरला, सही केली, आभार मानले. खुर्चीवरून अर्धा उठलो असेन, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि इमारतीचं ना-हरकत पत्र. शिक्क्यासकट."

मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात आहे. शेवटचा कागद मागायचा तो माणूस खुर्चीवरून अर्धा उठल्यावरच, ही कला मी वर्षानुवर्षं घासूनपुसून आत्मसात केलेली आहे. अर्ध्या उठलेल्या अवस्थेतून ती किती सुंदर दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. राग आलाच नाही. मी मनोमन नमस्कार केला.

इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे सज्जन गृहस्थ, पण भिंतीच्या बाबतीत हळवे. त्यांनी जिन्यातच बैठक घेतली.

"भोक केवढं पाडणार?"

"करंगळीएवढं."

"कुणाच्या करंगळीएवढं?"

मी माझी दाखवली. त्यांनी ती पाहिली, मग स्वतःची पाहिली. पूलवाले काकांनी भिंतीला काही होत नाही असं सांगताना पुलाच्या खांबांचा इतिहास सुरू केला. वहिनींना मुंग्यांची काळजी होती. शेवटी सेक्रेटरी मुद्द्यावर आले. "भोक बुजवलं की त्याच्याभोवती पांढरा डाग राहणार. हा पिवळा रंग आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. वर्षानुवर्षं ऊन खाऊन झालेला रंग आहे हा. जिन्यात डाग मला चालणार नाही."

आता मी निघणारच होतो. तेवढ्यात ही आत गेली, एक बशी घेऊन आली, पायरीवर बसली आणि रंग कालवायला लागली. पिवळा, थोडा पांढरा, तपकिरीचा एक थेंब, आणि मग, कुणाला वाटलं नसतं, किंचित जांभळा. ब्रशने भिंतीवर बोटभर पट्टा ओढला.

"वाळू द्या," ती म्हणाली.

पट्टा वाळला, आणि नाहीसा झाला. सेक्रेटरींनी चष्मा काढून, लावून, भिंतीला नाक लावून शोधला. "कुठे ओढलात?" त्यांनी विचारलं. हिने दाखवलं, तरी सापडला नाही. त्यांनी खिशातून शिक्का काढला. शिक्का खिशातच होता, हे मला आधी कळलं असतं तर बैठक टळली असती.

भोक पाडायला आलेल्या माणसाने यंत्र भिंतीला लावलं आणि मला अभिमान वाटावा अशा सफाईने आरपार नेलं. भोक गोल होतं, सरळ होतं, माझ्या करंगळीएवढं होतं. फक्त ते वहिनींच्या स्वयंपाकघरात निघालं.

"अहो भावोजी," भोकातून वहिनींचा आवाज आला, "इकडे आलात तुम्ही!"

मी वाकून भोकाला डोळा लावला. पलीकडे वहिनींचा डोळा होता. अशा वेळी काय बोलायचं असतं, ते कुठे शिकवत नाहीत. "कसं काय, बरं आहे ना?" मी विचारलं. त्या बरं आहे म्हणाल्या. मग हातभर डावीकडे दुसरं भोक पडलं, ते आमच्याच घरात निघालं, आणि हिला बशीभर रंग पुन्हा कालवावा लागला. पलीकडच्या भिंतीसाठी वहिनींच्या निळ्याचाही.

शनिवारी संध्याकाळी नवी तार जोडली गेली. दिवा हिरवाच लागला. हिरव्या दिव्यावरचा माझा विश्वास तोवर उडालेला असल्यामुळे मी स्पीड मोजायच्याही फंदात पडलो नाही.

चौथा रविवार, म्हणजे नमुन्याचा शेवटचा. ही नेहमीसारखी टेबलाशी बसली. मी नेहमीसारखा मागे सोफ्यावर, बनियनवर, चहाचा कप पोटावर ठेवून. आज 'क्ष' होता. हिने एकदा काढून दाखवला आणि सगळ्यांना आपापला 'क्ष' काढून पडद्यासमोर धरायला सांगितलं. अकरा 'क्ष' वर आले.

"बाप रे," मी चहाचा घोट घेत म्हणालो. "डॉक्टरांचा 'क्ष' बघ. अक्कलदाढ उपटून ठेवलीय ताटलीत. मुळासकट."

पडद्यावरचे अकरा 'क्ष' एकदम खाली आले आणि मागे अकरा चेहरे दिसले.

"मुळासकट निघाली ना?" डॉक्टर म्हणाले. "मग उपटणारा चांगला होता म्हणायचा."

नर्सबाई फिसकन हसल्या. हिची मान मागून लाल झालेली मला दिसली. मी कप पोटावरून उचलला, पण तो कुठे ठेवावा हे सुचेना.

"ऐकू जातंय?" मी हळूच विचारलं.

"जातंय," अकरा जण म्हणाले.

"दिसतंय?"

"बनियनची शिवण उसवलीय, खांद्यापाशी," नर्सबाईंनी सांगितलं. "आणि 'ल'ला सलाईनचं म्हणाला होतात, तेही तुटक तुटक आलं होतं मागे."

"मॅडम, हे गृहस्थ कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे... आमचे तांत्रिक विभागप्रमुख."

"अक्षरातलं कळतं त्यांना. त्यांचाही 'क्ष' बघू द्या की."

"बघू द्या, बघू द्या," बाकीचे म्हणाले.

मी शर्ट चढवला आणि हिने रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसलो. एक गोष्ट सांगून टाकतो. कचेरीत माझ्या हाताने आयुष्यभर एकच शब्द नीट लिहिला आहे, तो म्हणजे 'नामंजूर'. त्यात 'क्ष' नाही. मी बोरू शाईत बुडवला, कागदावर टेकवला, आणि तो थरथरायला लागला. टेबलावरच्या कॅमेऱ्यातून ती थरथर अकरा घरांत गेली. अडखळली नाही, थांबली नाही, एक कंपही वाटेत सांडला नाही. महिनाभर मी ज्या वेगासाठी भिंती फोडल्या तो हा वेग.

'क्ष' झाला. तो कशासारखा दिसत होता, हे मी सांगणार नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. ते फक्त "हं" म्हणाले. दातांच्या डॉक्टरांचं 'हं' फार वाईट असतं.

मी उठायला लागलो, तेव्हा खांद्यावरून हिचा हात आला आणि माझ्या हातावर टेकला. बोटांना शाई होती.

"एवढा जोर नका देऊ," ती म्हणाली. आवाज माझ्याशी बोलायचा नव्हता, वर्गात बोलायचा होता. "बोरू घट्ट धरला की अक्षर घाबरतं. श्वास सोडा. आता इथून खाली... वळण घ्या... घाई नको... आणि सोडून द्या."

मी सोडून दिलं. कागदावर 'क्ष' उभा होता. पूर्ण माझा नव्हे, पण पूर्ण तिचाही नव्हे.

मग नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम, आता कळलं. ते वळण घेताना मनगट नाही हलत, कोपर हलतं. हे आजपर्यंत दिसलंच नव्हतं."

"मलाही," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा एकदा दाखवता? आणि माझं वर्षभराचं नाव लिहून टाका. ताटलीतली ती दाढ सुधारायचीय मला."

"माझंही," नर्सबाई म्हणाल्या. मग आणखी दोघंतिघं बोलले, आणि मग सगळे एकदम, आणि पहिल्यांदाच मला कुणाचं काय चाललंय ते नीट ऐकू आलं नाही.

हिने मान खाली घातली आणि कागद बदलला. गडबडीचा फायदा घेऊन मी खुर्ची मागे सरकवली.

"तुम्ही कुठे निघालात?" तिने विचारलं.

"सोफ्यावर."

"बसा," ती म्हणाली. हात अजून माझ्या हातावरच होता. "अजून 'ज्ञ' राहिलाय."